मातीकाम शिकायचंय? आधी भट्टी बघा

श्रोतेहो, नमस्कार.

मातीची भांडी करायला शिकावं असं मनात आलं, की डोळ्यांपुढे उभं राहतं ते गरगर फिरणारं चाक. पण सरावलेला हात एक साधा मग चाकावर दहा-पंधरा मिनिटांत उभा करतो, आणि तोच मग वापरण्याजोगा होऊन हातात यायला तीन-चार आठवडे लागतात. वाळवणं, तासणं, पहिली भाजणी, झिलई (म्हणजे ग्लेझ, भांड्यावरचा काचेसारखा थर) आणि दुसरी भाजणी, हे सगळं या आठवड्यांत होतं. म्हणून वर्ग निवडताना चाकं किती आहेत हे नंतर मोजा. आधी भट्टी कुठे आहे ते विचारा.

पण मुळात वर्ग शोधायचा कसा? इंटरनेटवर एकाच शब्दावर थांबू नका. ‘पॉटरी’, ‘सिरॅमिक्स’, ‘मातीकाम’ आणि ‘कुंभारकाम’ हे चारही शब्द टाकून बघा, कारण जो तो आपल्या जागेला वेगळं नाव देतो. याहून भरवशाचा एक रस्ता आहे: माती, झिलईची रसायनं आणि भट्ट्या विकणाऱ्या व्यापाऱ्याला विचारा. परिसरात कोण नियमित माती उचलतं हे त्याला तोंडपाठ असतं, आणि ज्या स्टुडिओत माती खपते तिथे काम चालतं. कलामहाविद्यालयात सिरॅमिक्सचा विभाग असेल तर तिथे संध्याकाळचे किंवा सुट्टीतले वर्ग असतात का, याची चौकशी करा. पिढीजात काम करणारा एखादा कुंभार शिकवायला तयार झाला तर ती संधी सोडू नका. ते बहुधा लाल मातीत आणि कमी तापमानावर काम करतात, त्यामुळे झिलई तिथे कदाचित शिकायला मिळणार नाही. पण हाताचा वेग आणि मातीची पारख तिथे जशी दिसते तशी इतरत्र क्वचितच दिसते.

वर्गांचे प्रकार ढोबळमानाने तीन. एक, दोन तासांची एकदाच होणारी कार्यशाळा. दुसरा, सहा ते आठ आठवड्यांचा, आठवड्यातून एकदा दोन-तीन तासांचा अभ्यासक्रम. आणि तिसरा, थोडं येऊ लागल्यावर घ्यायचं स्टुडिओचं सभासदत्व. दोन तासांच्या कार्यशाळेत चिखलाशी आपलं जमतं का, एवढं कळतं. त्या भांड्याला अर्धाअधिक हात शिक्षकाचाच लागलेला असतो. शिकायचंच असेल तर सहा आठवड्यांचा वर्ग धरावा, हे आमचं स्पष्ट मत आहे. माती चाकाच्या मध्यावर आणणं ही स्नायूंची सवय आहे, आणि ती एका बैठकीत लागत नाही.

प्रवेश घेण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. चाकामागे किती विद्यार्थी, हा पहिला प्रश्न. दोघांत एक चाक असेल तर दोन तासांचा वर्ग तुमच्यासाठी एका तासाचा होतो. शिक्षकामागे सहा ते आठ विद्यार्थी ठीक, त्यापुढे तुमच्या कोपराकडे बघायला कुणाला वेळ मिळणार नाही. वर्गाव्यतिरिक्त सरावाला येता येतं का? शुल्कात माती किती किलो धरली आहे? भाजणीचे पैसे वेगळे आहेत का, आणि ते वजनावर घेतात की आकारावर? या प्रश्नांची उत्तरं गुळमुळीत आली, तर पुढे प्रत्येक भांड्यामागे खिशाला कात्री लागेल असं समजा.

मग भट्टी. ती स्टुडिओची स्वतःची आहे का, आणि किती तापमानापर्यंत जाते? भट्टी दुसरीकडे असेल तर कच्ची भांडी तिथवर न्यावी लागतात. पूर्ण वाळलेलं कच्चं भांडं बिस्किटासारखं ठिसूळ असतं, कडेला धरून उचललं तरी तुकडा हातात येतो. काही ठिकाणी भट्टीच नसते, हवेत वाळणारी माती देतात. शोभेच्या वस्तूला ती चालेल, पण त्यातल्या कपात चहा ओतता येणार नाही, कारण न भाजलेली माती पाण्याने मऊ पडते.

भाजणीचं थोडं नीट सांगायला हवं, कारण नवख्यांची भांडी सगळ्यात जास्त इथे जातात. पहिली भाजणी, जिला बिस्क म्हणतात, साधारण ९५० ते १००० अंश सेल्सिअसला होते. भांडं वरून वाळलेलं दिसतं, पण जाड बुडात ओल उरलेली असते. तापमान १०० अंशांच्या पुढे भरभर चढवलं, की त्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि भांडं फुटतं. शेजारच्या दोन-तीन भांड्यांनाही घेऊन जातं. मातीत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भांडं फुटलं, असं सर्रास सांगितलं जातं. खरा दोष बहुतेक वेळा ओलीचा असतो. भांडं गालाला लावून बघा: गार लागलं तर आत अजून पाणी आहे. पुढे ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, एकदम प्रसरण पावतं, आणि भट्टी थंड होताना तिथेच आकुंचन पावतं. घाईने भट्टी उघडली तर तडे जातात ते यामुळे. ‘तुमचं भांडं या आठवड्यात भट्टीत घालणार नाही, अजून ओलं आहे,’ असं सांगणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका.

दुसरी भाजणी झिलईची. मातीला आणि झिलईला एकच तापमान मानवलं पाहिजे. स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजायची दगडासारखी घट्ट होणारी माती, साधारण १२०० ते १३०० अंशांना पक्कं होतं. तेवढ्या आचेवर साधी लाल माती खचते, कधी वितळूनही जाते. म्हणून बाहेरून आणलेली माती कुठली हे सांगितल्याशिवाय स्टुडिओच्या भट्टीत ठेवायची नाही. बुडाच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर वरपर्यंत झिलई ओल्या स्पंजने पुसून काढायची. नाही पुसली तर ती ओघळते आणि भांडं भट्टीच्या फळीला कायमचं चिकटतं. खाण्यापिण्याची भांडी करणार असाल तर त्यासाठीची शिसंविरहित झिलई कोणती, हे विचारून घ्या. आणि भांडं आटतं हेही लक्षात ठेवा: ओलं असताना १० सेंटिमीटर उंच केलेलं भांडं भट्टीतून साधारण ९ सेंटिमीटरचं होऊन येतं.

आता चाकावरचा पहिला तास. अर्धा ते पाऊण किलो मातीचा नीट मळलेला गोळा पुरे. त्याहून मोठा घेतला तर हात दमतात, लहान घेतला तर बोटं अडखळतात. गोळा कोरड्या चाकावर जोरात आपटून बसवायचा. मग डावं कोपर मांडीला किंवा पोटाशी घट्ट टेकवायचं, कारण मातीला मध्यावर आणतं ते शरीराचं वजन, मनगटाचा जोर नाही. कोपर हवेत राहिलं की माती हाताला हलवते, आणि इथेच नव्वद टक्के धडपड होते असं म्हटलं तरी चालेल. हात ओले हवेत, पण पाण्याचं तळं नको. पाणी जास्त झालं की भिंती मऊ पडून कोसळतात. मध्यभागी अंगठा घालताना बूड सात-आठ मिलिमीटर जाड ठेवा आणि सुईने टोचून खात्री करा. मग तळ बोटांनी बाहेरून मध्याकडे दाबून घट्ट करा. हे राहिलं, किंवा तळात पाणी साठू दिलं, तर वाळताना बुडाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते. भिंत उचलताना चाक हळू करा आणि हात त्याहून हळू वर न्या.

चाक रिकामं मिळेना म्हणून वर्ग नाकारू नका. हाताने दाबून, वळ्या रचून, थापलेल्या पाट्या जोडून केलेलं काम दुय्यम नाही, आणि माती समजायला ते अधिक बरं. मात्र मगाला धरायचा कान जोडताना मग आणि कान दोन्ही सारखेच ओले हवेत. दोन्हीकडे चरे पाडा, मातीचा पातळ लगदा लावा, घट्ट दाबा आणि वर सैल प्लॅस्टिक टाकून सावकाश वाळू द्या. कान आधी वाळला तर जोडावर तडा जाणारच.

स्टुडिओ बघायला जाल तेव्हा जमिनीकडेही लक्ष द्या. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर ती फुप्फुसं कायमची खराब करते. जिथे कोरडा झाडू फिरतो तिथे नाव घालू नका. ओल्या फडक्याने पुसणारी, झिलईची पूड कालवताना मास्क लावायला लावणारी जागा निवडा.

पहिल्या दिवशी नखं कापून, अंगठ्या काढून, जुने कपडे घालून आणि एक टॉवेल घेऊन जा. हात बादलीतच धुवा, बेसिनमध्ये नको, कारण माती तळाशी बसून नळी तुंबते. आणि भांडं थोडं कडक झालं, की बुडाला आपली आद्याक्षरं कोरून ठेवा. भट्टीत एका वेळी पुष्कळांचे मग जातात, आणि झिलई चढल्यावर आपला कुठला ते कुणालाच ओळखता येत नाही.