काहून वं, तू का मास्तरीन हायेस?

नमस्कार मंडळी, आणि चर्चवाल्यांना सलाम. मी दर्यापूरकडच्या एका खेड्यातून बोलतेय, कापूस वेचणारी बाई, शिक्षण बारावी, तीन वर्षं झाली दोन्ही लेकरं घरीच शिकवते. गावात प्रश्न ठरलेला, "काहून वं, तू का मास्तरीन हायेस? येसूची गानी शिकवशीन, गनित कोन शिकवन?"

राग येत नाही बाप्पा, प्रश्न खराच आहे. सकाळी आम्ही प्रार्थना करतो, एक स्तोत्र मोठ्यानं वाचतो, त्यात वाचन पण होतं न् शुद्धलेखन पण, पण प्रार्थना करून सतराचा पाढा येत नाही, तो घोकावाच लागते. डीएडवाल्या गुरुजींना एका वर्गात तीस-चाळीस पोरं, वरून खिचडीचा हिशोब न् ऑनलाईन माहिती, त्यांना ट्रेनिंग पाहिजेच. माझ्यासमोर दोनच, कुठं अडलं ते तोंडावरून कळते. आता विषयच आपल्याला येत नसला तर तोंड पाहून काय करता? म्हणून बालभारतीचं पुस्तक मोबाईलवर फुकट मिळते ते रात्री आधी मी सोडवते, न् इंग्रजी-विज्ञानासाठी शनिवारी रिटायर गुरुजींकडे पाठवते, त्यात कायची लाज.

पंडिता रमाबाईंचं सांगते. जन्म १८५८चा, संस्कृत शिकवलं आईनं, लक्ष्मीबाईंनी, न् त्या माऊलीला शिकवलं होतं नवऱ्यानं. कुठलं ट्रेनिंग न् कुठलं काय! त्याच पोरीला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' म्हटलं. आता खरं सांगायचं तर तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या, ते १८८३ मध्ये, आणि पुढे १८८९ला त्यांनी स्वतःच मुंबईत शारदा सदन काढलं, म्हणजे शाळा नकोच असं त्यांचंही म्हणणं नव्हतं. माझंही नाही.

सर्टिफिकेटचं विचारता, तर १४ वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसता येते, तिथं पेपर तपासणारा काही पोराची माय नसते.

परवा ऋण संख्या काढल्या. माझंच डोकं चालेना, दोनदा चुकली मी. तर मोठा म्हणे, "आई, कृषी केंद्राची उधारी म्हणजेच ना?" न् वहीत वजा ४२०० लिहून मोकळा झाला. बरोबर होतं, फक्त आकडा खरा होता न् ह्यांना तो अजून मी सांगितला नव्हता.