म्हशीच्या पाठीवर कविता लिहिणारा कागलचा आनंदा

[कागल बसस्थानकाबाहेर, उभं राहून]

नमस्कार मंडळी. मागं एसटी हॉर्न मारतेय, तेवढं चालवून घ्या, इथं दुसरा टेक मिळत नाही. आपण आहोत कागलला. कोल्हापुरातनं बेंगळुरूच्या बाजूला हायवे धरला की अर्ध्या तासात कागल. नाव काढलं की कुणाला शाहू महाराजांचं घाटगे घराणं आठवतं, कुणाला गैबीचा उरूस, कुणाला राजकारण. राजकारणावर बोलायला पुष्कळ चॅनेल आहेत. मला एक पोरगं आठवतं. म्हशी राखायचं आणि म्हशीच्याच पाठीवर काटकीनं कविता लिहायचं. कागद-पेन्सिल जवळ नसायची. कधी म्हशीची पाठ, कधी खडकावर खड्यानं. ओळी पाठ झाल्या की पुसून टाकायच्या, पाटी मोकळी.

हे पोरगं म्हणजे आनंद यादव. जन्म ३० नोव्हेंबर १९३५, इथंच. पुढं पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, कादंबरीकार, ग्रामीण साहित्याच्या चळवळीचे म्होरके. पण मधलं अंतर बघा. वडिलांनी शाळेतनं काढून शेतात जुंपलेलं. अभ्यासाचा विषय काढला की रानडुकरासारखे गुरगुरणार.

मला त्यातला एक प्रसंग फार आवडतो. गुऱ्हाळ संपलेलं. आता या गुऱ्हाळाचाही एक हिशोब आहे. वडिलांना आपला गूळ सगळ्यांच्या आधी बाजारात न्यायचा असतो, कारण पाठीमागून सगळ्यांचा गूळ आला की भाव पडणार. बाकीचे शेतकरी ऊस उभा ठेवतात. जितका पिकेल तितका गूळ जास्त उतरतो आणि चांगला होतो. म्हणजे घाई करायची तर उतारा घालवायचा, थांबायचं तर भाव घालवायचा. कोल्हापूर भागात हा वाद घराघरात झालेला आहे. तर गुऱ्हाळ लवकर उरकलं. आई उन्हात शेणी थापतेय आणि पोरगं तिला बादलीनं पाणी आणून देतंय. तिथं, शेणाचे हात असताना, शाळेचा विषय निघतो. वडिलांना सरळ विचारायची दोघांचीही छाती नाही. मग रात्री मायलेक गावातल्या दत्ताजीराव देसाईंच्या वाड्यावर जातात. देसाई वडिलांना बोलावून घेतात, चांगले झापतात आणि शाळा मिळते. पण अटी घालून. सकाळी अकरापर्यंत शेतात, तिथनंच शाळेत, सुटल्यावर परत ढोरं. शेतात काम निघालं तर शाळेला दांडी.

शाळेत काय, धोतर नेसलेलं पोरगं बघून सगळी हसली. आठ दिवसांत आईच्या मागं लागून बाजारातनं नाडीची चड्डी आणि टोपी मागवली, तेव्हा कुठं जरा वर्गात मिसळला.

आणि तिथं मराठीला सौंदलगेकर मास्तर. कविता चालीवर म्हणायचे, हावभाव करून. त्यांच्या दारात मालतीचा वेल होता आणि त्या वेलावर मास्तरांनी कविता केलेली. पोरानं वेलही बघितला, कविताही बघितली. कवी म्हणजे आपल्यासारखाच हाडामासाचा माणूस, हे त्याला तिथं कळलं. मग उसाला पाणी पाजताना कविता म्हणायच्या. वाफा भरून वाहतोय, याला पत्ताच नाही!

हे सगळं 'झोंबी' या त्यांच्या आत्मकथेत आहे, १९८७ सालचं पुस्तक, पु. ल. देशपांड्यांची प्रस्तावना. झोंबी काय असते ते कोल्हापूरकराला सांगायला नको, तालमीतली लाल माती अजून आपल्या कानात असते. १९९० ला साहित्य अकादमी मिळालं. आत्ता सांगितलेला भाग तर 'जूझ' या नावानं एनसीईआरटीच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात आहे. म्हणजे दिल्ली-लखनौच्या पोरांना कागलचं गुऱ्हाळ परीक्षेला येतं.

त्याच आत्मकथेचे पुढचे भाग 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल'. नावं लक्षात घ्या. मातीतनं घरात, घरातनं काचेपर्यंत. माणूस गावापासून किती लांब गेला ते मुखपृष्ठावरच कळतं.

आता माझा मुद्दा. सगळे 'झोंबी'पासून सुरुवात करा म्हणतात. मी म्हणतो, आधी 'गोतावळा', १९७१ ची कादंबरी. नारबा नावाचा शेतगडी बोलतोय. लग्न नाही, मागंपुढं कुणी नाही. बैल, म्हशी, कुत्रं, झाडं, हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरं एकेक करून हलायला लागतात. हे सगळं बोलीत. नुसते संवाद नाहीत, निवेदनसुद्धा. आधीच्या बहुतेक ग्रामीण कथा-कादंबऱ्यांत पात्रं गावाकडचं बोलायची आणि लेखक शहरातलं.

गंमत कुठं आहे? 'झोंबी' स्वतःची गोष्ट, तर तिथलं निवेदन बऱ्यापैकी शाळेतल्या मराठीत, बोली येते ती संवादात. म्हणजे दुसऱ्याची गोष्ट घरच्या भाषेत आणि स्वतःची शाळेच्या भाषेत! काही जणांना हे खटकतं. मला नाही खटकत. ती भाषा त्या पोरानं बापाशी झगडून मिळवलेली. ती त्याची कमाई आहे, तो ती वापरणारच. नारबाला ती कधी मिळालीच नाही, मग त्याच्या तोंडी ती घालायची कशाला?

'नटरंग' तुम्ही सिनेमा म्हणून बघितलेलाच असणार. मूळ कादंबरी १९८० ची, मजुरी करणारा गुणा तमाशात नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा सोंगाड्या, होतो ती. गाणी डोक्यातनं काढून वाचा, पुस्तक जास्त बोचतं.

आणि शेवटचं प्रकरण, महाबळेश्वरचं. २००९ च्या साहित्य संमेलनाचे ते निवडून आलेले अध्यक्ष. 'संतसूर्य तुकाराम' या त्यांच्या कादंबरीवरून वारकरी संतापले. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागं घेतलं, अध्यक्षपदही सोडलं. संमेलन अध्यक्षाविना झालं. नोव्हेंबर २०१६ मध्ये पुण्यात ते गेले.

एक घरची गोष्ट सांगतो आणि थांबतो. आमच्या आजीला वाचता येत नाही. लॉकडाऊनमध्ये मी तिला 'गोतावळा' वाचून दाखवायला बसलो. दोन वाक्यं झाली नाहीत तोवर म्हणाली, "आरं, त्यो असा बोलंल व्हय? बातम्या दिल्यागत वाचतोस." मग मी सूर बदलला. रोज दहा-बारा पानं. मधेच विचारायची, "कुणाच्यातला गडी म्हणायचा ह्यो?" तिला तो खराच वाटायचा. जनावरं विकायचा भाग आला त्या दिवशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता, उद्या वाच." आणि उठून गोठ्याकडं गेली.

तिनं परत पुस्तक काढायला सांगितलं नाही. राहिलेली पानं मी एकट्यानंच वाचली.