ओहोटीची वही: बडोद्याहून पिरोटनला

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या पोरांना देवमासा पहिल्यांदा भेटतो तो सयाजीबागेच्या म्युझियममध्ये, सांगाड्याच्या रूपात. मलाही तिथेच भेटला, बाबांचं बोट धरून उभी असताना. जिवंत समुद्र मात्र मी बऱ्याच उशिरा पाहिला. आज बोलायचंय ते जामनगरसमोरच्या एका छोट्या बेटाबद्दल, पिरोटनबद्दल.

कच्छच्या आखाताचा हा भाग १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झाला, देशातला पहिला. पण बडोद्याचं या पाण्याशी नातं त्याहून जुनं आहे. आखाताच्या तोंडाशी असलेलं ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होतं. १९०५-०६ साली सयाजीराव महाराजांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या सागरी अभ्यासकाकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करून घेतली. संस्थानाची राजधानी समुद्रापासून इतकी आत, आणि तरी तिथल्या खडकाखाली काय राहतं ते लिहून ठेवावंसं वाटलं. मला याचा मनापासून अभिमान आहे.

आता बेटावर जाऊ. पिरोटनला बोट जाते भरतीला. पाणी उतरलं की बेटाभोवतीचा खडक उघडा पडतो, तेव्हा फिरायचं. परतायचं पुन्हा भरती आल्यावर. मधे अडकलात तर पाणी तुमच्यासाठी लवकर चढत नाही. बेटावर प्यायचं पाणी नाही, तेही सोबत न्यायचं. आणि निघण्याआधी वनखात्याची परवानगी चालू आहे ना, हे विचारून घ्या. बोटीची दगदग नको असेल तर याच उद्यानातलं नरारा आहे, तिथे ओहोटीला चालतच खडकावर जाता येतं.

माझी आत्या रत्नागिरीची. ती तिथी विचारते आणि भरतीची वेळ सांगते: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असली की चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. कोकणात हे छान जमतं. कच्छच्या आखातात मात्र हा हिशेब तसाच वापरू नका. हे आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं, त्यामुळे पाणी आत पोचायला वेळ लागतो आणि आत जाईल तसं ते उंच चढतं. तोंडाशी असलेल्या ओख्यापेक्षा आत असलेल्या कांडल्याला भरती-ओहोटीतला फरक साधारण दुप्पट असतो. म्हणून तिथल्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा. अमावास्या-पौर्णिमेच्या एक-दोन दिवसांनी उधाण जोरात असतं, तेव्हाच खडक सगळ्यात जास्त उघडा पडतो.

(वही कॅमेऱ्यासमोर धरून)

ही माझी वही. प्रत्येक पानावर आधी हवा-पाणी: तिथी, वारा कुठून, ढग किती, पाणी गढूळ की निवळ. प्राणी त्याच्याखाली. ही सवय मला बडोद्याच्या विश्वामित्री नदीनं लावली. शाळेत असताना काळाघोड्याच्या पुलावरून मगरी मोजायचे. थंडीत ऊन वर आलं की त्या काठावर यायच्या, ढगाळ सकाळी एखादीच दिसायची. नुसती संख्या लिहिली असती तर वाटलं असतं, मगरी कमी झाल्या!

खडकावरही तेच. हे पान बघा. 'पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, वारा उत्तरेचा, पाणी घोट्याएवढं, गढूळ.' खाली काय लिहिलंय? समुद्रफुलं तीन, समुद्रकाकडी एक, ऑक्टोपस नाही. दुसऱ्या दिवशी वारा पडला, पाणी निवळलं, आणि त्याच डबक्यात ऑक्टोपस होता. मी जवळजवळ वीस मिनिटं बसले. तो दगडाच्या रंगाचा होता, सरकला तसा शेवाळाचा झाला. किनाऱ्याकडे तिवरांच्या श्वासमुळांमध्ये निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारत होत्या. लांब चिखलात काळे-पांढरे क्रॅब प्लोव्हर खेकडे टिपत होते. हे पक्षी थंडीत इथे येतात.

एक गोष्ट मात्र मला आजही खुपते. एका सहलीत आमच्यातल्या कुणीतरी पफरफिश हातात उचलला, फोटोसाठी. तो फुगला, सगळे हसले. अहो, तो मासा पाणी गिळून फुगतो ते घाबरून, जीव वाचवायला! पाण्याबाहेर काढला की तो हवा गिळतो, आणि ती हवा बाहेर टाकणं त्याला फार जड जातं. प्रवाळाचंही तसंच. दगड वाटतो, पण वरची पातळ साय जिवंत असते. तिच्यावर आधीच गाळ बसतो, ओहोटीला ऊन लागतं, त्यात आपला बूट. आमच्या वाटाड्या भाईंचं एकच पालुपद होतं: 'बेन, जोईने पग मूकजो.' म्हणजे, ताई, बघून पाय ठेवा. वाळू दिसेल तिथेच पाऊल टाका. काहीही उचलू नका, रिकामा शंखसुद्धा, त्यात एखादा शंखखेकडा राहत असतो.

ऑक्टोपस दिसला त्या दिवसाच्या पानावरची शेवटची ओळ वाचते: 'पाणी वळलं. खडकाच्या फटींमधून आधी बुडबुड्यांचा आवाज, मग ओल. ऑक्टोपस बिळात गेला. आम्ही बोटीकडे.'