समाप्ती आणि प्रारंभ, एकाच सकाळी

श्रोतेहो, नमस्कार.

14 ऑक्टोबर 1663. लंडनच्या आरमार खात्यातले अधिकारी सॅम्युअल पीप्स दुपारी जेवून, बायकोला घेऊन, क्रीचर्च लेनमधलं ज्यू लोकांचं सिनेगॉग बघायला गेले. आत बघतात तर हशा, गोंधळ, धर्मग्रंथ मिरवत चाललेल्या फेऱ्या! देवाच्या दारात हे काय? पीप्स अस्वस्थ होऊन घरी परतले आणि डायरीत त्या मंडळींवर तोंडसुख घेतलं. नेमक्या कुठल्या दिवशी आपण तिथं पोचलो, हे बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.

तो होता सिम्हात तोराचा सण. सिम्हात म्हणजे आनंद, तोरा म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ. इस्राएलमध्ये हा सण ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या 22 तारखेला, बाहेर 23 ला. तोरा म्हणजे संदेष्टा मोशे याची पाच पुस्तकं; त्यांचे 54 भाग पाडलेले असतात. शनिवारमागून शनिवार ते वाचत जायचं, आणि या दिवशी वाचन पुरं करायचं. आपल्याकडे पारायण संपलं की समाप्ती होते, प्रसाद वाटतात, पोथी फडक्यात बांधून ठेवतात. इथं पोथी बांधायला उसंतच नाही! शेवटची ओळ वाचून झाली की लगेच पहिली.

त्यातही गंमत आहे. सिनेगॉगमधली तोरा असते चर्मपत्राची हातानं लिहिलेली भलीमोठी गुंडाळी, अक्षरं 3,04,805. ती शेवटापासून सुरुवातीपर्यंत उलटी गुंडाळायची तर सगळे ताटकळणार. म्हणून दुसरी गुंडाळी आधीच पहिल्या ओळीवर लावून ठेवतात. समाप्तीच्या वाचनाचा मान ज्याला मिळतो तो ‘हातान तोरा’, तोराचा नवरदेव. प्रारंभाचा मानकरी ‘हातान बेरेशीत’. फेऱ्या सात, नाच कितीही. आपल्या बेने इस्राएल मंडळींच्या सिनेगॉगमध्येही तोरा अशीच मिरवतात.

मला मात्र त्या दोन ओळींमधली जागा विलक्षण वाटते. शेवटच्या अध्यायात मोशे डोंगरावर उभा आहे. जन्मभर ज्या भूमीसाठी चालला, ती समोर दिसते; पण तिथं पाऊल ठेवायचं त्याच्या नशिबी नाही. तो तिथंच मरतो, लोक तीस दिवस रडतात, त्याची कबर कुणाला ठाऊक नाही. आणि घटकाभरात दुसऱ्या गुंडाळीतून आवाज येतो: प्रारंभी देवानं आकाश आणि पृथ्वी निर्माण केली.

पीप्स दुपारी गेले. हे सकाळीच होऊन गेलं होतं.