मेथडच्या शीर्षकात मालकाचं नाव हवं

आज मला फक्त एका ओळीबद्दल बोलायचं आहे. लायब्ररीच्या, म्हणजे इतरांनी वापरायच्या तयार कोडच्या, डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक मेथडच्या (कोडमधल्या एखाद्या नाव दिलेल्या कामाच्या) माथ्यावर असते ती ओळ, तिचं शीर्षक. मेथडचं वर्णन आपण जीव ओतून लिहितो, उदाहरणं देतो, आणि शीर्षक मात्र जाता जाता टाइप करून टाकतो. पण दुसऱ्या पानावरून त्या मेथडकडे यायचं तर दार तेवढं एकच आहे.

आमच्याकडे पावत्या छापणारी एक छोटी लायब्ररी होती. मेथडचं सगळं डॉक्युमेंटेशन गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर, एकाच मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडणी केलेल्या मजकुराच्या) फाइलमध्ये. फाइल, प्रिंटर आणि कनेक्शन असे तीन क्लास, म्हणजे मेथडचे मालक, आणि तिघांनाही क्लोज() ही मेथड. शीर्षकं मी लिहिली होती. तिन्ही ठिकाणी नुसतं ‘क्लोज()’. क्लासचं नाव वरच्या मोठ्या शीर्षकात आहेच, पुन्हा कशाला लिहायचं, असं तेव्हा वाटलं.

गिटहब शीर्षकावरून अँकर, म्हणजे पानातल्या त्या जागेचा # ने सुरू होणारा पत्ता, आपणहून बनवतं. कॅपिटल अक्षरं स्मॉल करतं, कंस आणि टिंबं गाळतं, मोकळ्या जागी आडवी रेघ घालतं. तेच शीर्षक पुन्हा आलं तर मागे -१ लावतं, मग -२. त्यामुळे फाइलचं झालं #क्लोज, प्रिंटरचं #क्लोज-१, कनेक्शनचं #क्लोज-२. आम्ही इतर पानांवर प्रिंटरसाठी #क्लोज-१ ची लिंक दिली. काही महिन्यांनी फाइलच्या खाली ‘लॉग’ हा नवा क्लास आला, त्यालाही क्लोज(). आता -१ लॉगचं झालं आणि प्रिंटर -२ वर सरकला. लिंक तुटली असती तर परवडलं असतं. ती शेजाऱ्याच्या घरी जाऊ लागली.

लॉगचं क्लोज() बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) उरलेला मजकूर आधी लिहून टाकतं. प्रिंटरचं तसं करत नाही, त्याआधी हा साठा रिकामा करणारं फ्लश() बोलवावं लागतं. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने लिंकवरून जाऊन वाचलं, फ्लश() अनावश्यक समजून काढलं, आणि पावतीवरची शेवटची ओळ, म्हणजे एकूण रक्कम, छापायची राहू लागली. दीड दिवस आम्ही प्रिंटरची केबल तपासत होतो. त्या मुलीची काहीच चूक नव्हती. तिने समोर आलेलं डॉक्युमेंटेशन नीट वाचलं होतं.

यातली खरी अडचण अशी की अँकरची चूक कुणाला दिसत नाही. पत्त्यातला # नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. अँकर सापडला नाही तर पान मुकाट्याने वरून उघडतं. सर्व्हरच्या नोंदीत काहीही उमटत नाही. आणि अँकर चुकीच्या मेथडचा असेल, तर लिंका तपासणारं टूलसुद्धा ‘सगळं ठीक’ म्हणतं.

पायथन या भाषेचं डॉक्युमेंटेशन पाहा. २००८ साली, २.६ आवृत्तीच्या वेळी, ते स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या टूलवर आलं. मूळ डेटा-प्रकारांच्या त्या एकाच लांबलचक पानावर स्ट्रिंगचंही स्प्लिट आहे आणि बाइट्सचंही. पण अँकर आहेत #स्ट्र.स्प्लिट आणि #बाइट्स.स्प्लिट. मध्ये शंभर मेथड घाला, पत्ता हलत नाही. शिवाय स्फिंक्स या सगळ्या नावांची यादी एका फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे दुसऱ्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमधूनही नुसत्या नावाने लिंक देता येते. रूबी भाषेवाल्यांची पद्धतही मला फार आवडते: इन्स्टन्स मेथड (क्लासपासून बनलेल्या एकेका वस्तूवर चालणारी) असेल तर अ‍ॅरे#मॅप, क्लासची मेथड असेल तर अ‍ॅरे.न्यू. तो # कोडमध्ये चालत नाही, तो फक्त लिहिण्या-वाचण्यासाठी आहे. पण एका चिन्हात मालकही कळतो आणि नातंही.

शीर्षकं लांब होतात, डावीकडची अनुक्रमणिका भरून जाते, ही तक्रार रास्त आहे. मजकुरातल्या लिंकांपुरती तरी स्फिंक्समध्ये सोय आहे: लिंकमधल्या नावाआधी ~ लावलं की वाचकाला शेवटचा तुकडाच दिसतो, लिंक मात्र पूर्ण नावाची राहते. दिसणं आणि पत्ता वेगळे ठेवता येतात, तर ठेवावेत.

पॅरामीटर, म्हणजे मेथडला कंसात द्यायच्या गोष्टी, मात्र शीर्षकात नकोत. नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ते शीर्षकात असतात आणि अँकरमध्येही उतरतात, म्हणजे मेथडला एक पॅरामीटर वाढला की पत्ता बदलला. सिग्नेचर (पॅरामीटरसकट पूर्ण नाव) शीर्षकाच्या खालच्या ओळीत लिहावी. जावाला हे जमत नाही, कारण तिथे एकाच नावाच्या अनेक मेथड असतात आणि पॅरामीटरचे प्रकार सांगितल्याशिवाय ओळख पटत नाही. त्याची किंमतही त्यांनी मोजली: जावा ८ मध्ये अँकरमधल्या कंसांच्या जागी आडव्या रेघा आल्या, पुढच्या आवृत्त्यांत पुन्हा कंस.

मराठीत डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शीर्षक देवनागरीत जरूर ठेवा, पण अँकर हाताने, मेथडच्या मूळ नावाचा द्या. कॉपी केलेल्या पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ-नऊ अक्षरांचं होतं. ‘बंद’ एवढा शब्द सत्तावीस अक्षरं खातो.

आणि जुने पत्ते पुसू नका. गावाकडे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तरी जुन्या खरेदीखतात जुनाच नंबर असतो, आणि दोन्हींचा मेळ घालणारा कागद कुणीतरी जपलेला असतो म्हणून जमीन सापडते. आम्ही शीर्षकं बदलून ‘प्रिंटर.क्लोज’, ‘लॉग.क्लोज’ अशी केली, तेव्हा जुन्या #क्लोज-१ चं काय करायचं हा प्रश्न आला. त्या पत्त्याने आलेल्या माणसाला कोणतं क्लोज हवंय, हे आता आम्हालाही सांगता येत नव्हतं. म्हणून तो अँकर हाताने परत घातला आणि तिथे चारही मेथडची नावं, मालकासकट, एकाखाली एक लिहून ठेवली.