“फोटोत काही नाही, मंग पोट्टा लंगडते काहून?”

[एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून]

ही फिल्म बघा. १९ वर्षांच्या पोराचा खुबा आहे. घरच्यांना विचारून दाखवतोय, नाव कापलंय. हाड सरळ, वरचा गोळा गोल, कुठे चीर नाही. रिपोर्ट नॉर्मल. आणि पोरगा मात्र आईच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आलेला. आईनं मला विचारलं, “फोटोत काही नाही म्हणता, मंग पोट्टा लंगडते काहून, भाऊ?”

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे काढतो. डॉक्टर नाही, त्यामुळे कमेंटमध्ये गोळ्या विचारू नका. पण त्या माऊलीचा प्रश्न बरोबर होता, आणि आजचा व्हिडिओ त्याच्यावरच आहे.

एक्स-रे म्हणजे सावली. किरण अंगातून आरपार जातात, हाडातलं कॅल्शियम, आपल्या भाषेत चुना, त्यांना अडवतो, म्हणून हाड पांढरं दिसतं. १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेनला हे किरण सापडले. डिसेंबरात त्यानं बायकोच्या हाताचा फोटो घेतला, बोटातल्या अंगठीसकट. १८९६ उजाडलं तसे सर्जन लोक अंगात रुतलेल्या सुया आणि बंदुकीच्या गोळ्या याच किरणांनी शोधू लागले. मोडलेला हात, निखळलेला खांदा, छातीतला डाग, यांना आजही पहिला फोटो हाच.

आता गोम ऐका. हाड मेलं तरी त्यातला चुना लगेच कुठे जात नाही.

त्या पोराला सिकलसेल होता. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार घरोघरी ऐकू येतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या नळ्या मुळातच बारीक. तिथे वाट बंद झाली की गोळा आतून मरायला लागतो. चुना जागेवर, म्हणून सावलीही जागेवर. माझ्या मशीनला हे दिसायला कित्येक महिने लागू शकतात.

एमआरआय चुना बघत नाही, ओल बघतो. मोठ्या चुंबकात माणसाला ठेवून शरीरातल्या पाण्यातल्या, चरबीतल्या हायड्रोजनचे सिग्नल तो टिपतो. त्यात एक्स-रेसारखे किरण नसतात. हाडाच्या आतल्या मगजात बिघाड झाला की तो तिथे आधी कळतो. मी त्या आईला म्हटलं, “मावशी, पऱ्हाटी वाळलेली दिसते तेव्हा खालची ओल कधीच गेलेली असते ना? तसंच हे.” तिला लगेच समजलं. मला हेच शिकायला परीक्षेत घाम फुटला होता.

डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. एमआरआयत डाव्या खुब्याचा गोळा आतून बिघडलेला निघाला, पण अजून खचलेला नव्हता. या ‘अजून’वरच पुढचं सगळं ठरलं. गोळा खचायच्या आधी हाडात ड्रिलनं भोक पाडून आतला दाब कमी करता येतो, आपला सांधा वाचायची आशा राहते. खचल्यावर बहुतेक वेळा कृत्रिम सांधाच बसवावा लागतो, आणि विशीत बसवलेला सांधा आयुष्यभर पुरेलच असं नाही. त्याचं ड्रिलवर भागलं.

[फिल्म खाली ठेवून]

म्हणून आता सगळे एमआरआय मागतील! पोटात दुखलं की बकरी विकून एमआरआय करून येणारे पाहिलेत मी. अहो, पित्ताशयातला खडा शोधायला पहिली तपासणी साधी सोनोग्राफी. यातले बहुतेक खडे एक्स-रेत दिसतच नाहीत, पण आवाजाच्या लहरी खड्यावर आपटून परत येतात आणि खड्यामागे काळा पट्टा पडतो. उपाशीपोटी या म्हणतात कारण जेवलं की पित्ताशय आकसतं. चहा पिऊन येऊ नका, “चहाच तर घेतला” हे मी रोज ऐकतो. आणि गरोदर बाईकडून तिथे ओळखपत्र घेतात, फॉर्म भरतात, त्यावरून भांडू नका. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशाचा कायदा १९९४ चा, महाराष्ट्राचा तर त्याच्याही आधी १९८८ चा.

खडा दिसला म्हणजे ऑपरेशन, असंही नाही. ज्याला काहीच त्रास नाही, त्याचा खडा सर्जन बहुतेक वेळा तसाच राहू देतात. पण सिकलसेलवाल्याला तसाच खडा निघाला, तर दुखत नसतानाही पित्ताशय दुर्बिणीनं काढून टाका असा सल्ला बरेचदा मिळतो. त्याच्या रक्तपेशी लवकर फुटतात, खडे पुन्हा पुन्हा होतात. शिवाय पुढे पोट दुखलं तर ते खड्याचं की सिकलसेलचं, हे रात्री दोन वाजता ओळखणं भल्याभल्यांना जड जातं, आणि अशा घाईच्या ऑपरेशनमध्ये जोखीम जास्त. फोटो एकच, निर्णय दोन. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड आधी दाखवा. त्यांना सलाईन, ऑक्सिजन, अंगाची ऊब, कधी रक्त, याची तयारी करावी लागते.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर माझ्याकडे फोटोला येऊ नका, आधी डॉक्टरांना तोंड दाखवा. कॅन्सर आहे का, हे तुकडा काढून तपासल्यावरच कळतं. सिटी स्कॅन किंवा एमआरआय त्यानंतर, जबडा धरलाय का, मानेच्या गाठींत गेलाय का, हे बघायला. त्यावरून सर्जन किती कापायचं ते ठरवतात. खर्चाचं दडपण असेल तर महात्मा जोतिराव फुले योजनेच्या आरोग्यमित्राला आधी गाठा.

आणि जुन्या फिल्म फेकू नका. घडीही घालू नका, ती रेघ हाडाच्या चिरेसारखी दिसते.

मागच्या महिन्यात ती आई पुन्हा आली. पोराचा उजवा खुबा दुखत होता. मी फिल्म लावायला गेलो तर म्हणाली, “भाऊ, हा फोटो राहू द्या. याच्यात ओल दिसत नाही.”

काढला मी तरी. डॉक्टरांनी लिहिला होता. पण चिठ्ठीवर त्याच्याच खाली एमआरआयही लिहिलेला होता.