सायलेन्सर मोकळा केला, पण कार्बोरेटरचं काय?

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन पिस्टन)

हे दोन पिस्टन बघा. एकाच मॉडेलच्या चेनसॉमधले आहेत. डावीकडचा कितीतरी वर्षं चाललाय तरी अंगावर एक ओरखडा नाही. उजवीकडचा माझ्या स्वतःच्या मशीनचा. त्याच्या एकाच बाजूला, म्हणजे सायलेन्सरकडच्या बाजूला, हे उभे ओरखडे पडलेत आणि रिंग खाचेतच चिकटून बसलीय. झालं काय, मी सायलेन्सरला भोक पाडलं, आवाज भारी आला, मशीन पळायला लागलं, आणि त्या खुशीत कार्बोरेटरला हातच लावला नाही. दुसरी टाकी संपायच्या आत इंजिन जॅम. म्हणून आज सायलेन्सरचं काम थोडक्यात दाखवतो आणि कार्बोरेटरचं सावकाश, कारण मशीन जगणार का मरणार ते तिथेच ठरतं.

आधी हे समजून घेऊ की मोकळा करायची गरजच का पडते. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला एकदा फायर होतं, म्हणजे १३,५०० आरपीएमला सेकंदाला २२५ वेळा, आणि त्यात एक्झॉस्टचं तोंड उघडं असतं जेमतेम २ मिलिसेकंद. तेवढ्यात जळलेला धूर बाहेर पडायचा आणि खालून नवीन मिक्श्चर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण, आत यायचं. कंपनीला आवाजाचे आणि धुराचे नियम पाळायचे असतात म्हणून सायलेन्सरची वाट बारीक ठेवलेली असते, मग थोडा धूर आतच राहतो आणि नव्या मिक्श्चरची जागा खातो. वाट मोठी केली की इंजिन मोकळा श्वास घेतं, एवढीच गोष्ट आहे.

(दृश्य: सायलेन्सर काढताना)

सायलेन्सर काढायच्या आधी दोरी हळू ओढून पिस्टन वर आणा, म्हणजे एक्झॉस्टचं तोंड पिस्टननेच झाकलं जातं, वर एक स्वच्छ फडकं कोंबा. आत एक कण जरी गेला तरी सिलिंडरच्या कोटिंगची वाट लागते. आता भोक केवढं? जुन्या मेकॅनिक लोकांचा अंदाज असा की बाहेर जायच्या सगळ्या वाटा मिळून एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या त्या एक्झॉस्टच्या तोंडाच्या, ७० ते ८० टक्के असाव्यात, त्याच्या वर जाऊ नका. समजा पोर्ट ४०० चौरस मिमीचा आहे आणि कंपनीचं भोक १२ मिमी व्यासाचं, म्हणजे ११३ चौरस मिमी. त्यात १५ मिमीचं अजून एक भोक पाडलं तर १७७ वाढले, झाले २९०. बास.

काही जण आतलं सगळं कापून सायलेन्सरचा नुसता रिकामा डबा करतात, ते मला अजिबात पटत नाही. डब्यात धूर आदळून मागे फिरणारा दाब थोडंफार न जळलेलं मिक्श्चर बाहेर पळण्यापासून थांबवतो, तो गेला की पेट्रोल फुकट आणि ताकदही वाढत नाही. नवीन भोकाचं तोंड कुठे वळतंय तेही बघा, गरम धूर प्लास्टिकवर, टाकीवर किंवा तुमच्या हातावर यायला नको. आणि ठिणगी अडवणारी जाळी परत बसवाच, नवीन भोकालासुद्धा. वाळलेल्या पाल्यात कार्बनचा एक जळता कण पुरतो. अजून एक, बऱ्याच देशांत धुराच्या नियमात येणाऱ्या मशीनशी अशी छेडछाड बेकायदेशीर आहे आणि वॉरंटी तर जातेच, ते आधी तपासा. ज्या सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारी कॅटॅलिटिक जाळी आहे त्याला मी तरी हात लावत नाही.

कानशीने कडा साफ केल्या, डबा झटकून हवा मारली, फडकं काढलं, गॅस्केट ठेवून बोल्ट आवळले. झालं सायलेन्सरचं.

(दृश्य: कार्बोरेटरचे तीन स्क्रू, जवळून)

आता खरं काम. वाट मोठी केल्यामुळे इंजिन जास्त हवा ओढणार पण पेट्रोल त्या मानाने वाढत नाही, म्हणजे मिक्श्चर लीन झालं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आणि टू-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे दुहेरी मार असतो, कारण ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइल कमी, पेट्रोलने होणारा थंडावाही कमी, आणि उष्णता मात्र जास्त. तो उजवीकडचा पिस्टन असाच गेला.

स्क्रू तीन असतात. एच म्हणजे फुल रेसचा, एल म्हणजे स्लो आणि पिकअपचा, आणि तिसरा एलए, टी किंवा एस लिहिलेला, तो फक्त थ्रॉटल किती उघडा राहील ते ठरवतो. एच आणि एल आत फिरवले की लीन, बाहेर फिरवले की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. या स्क्रूंच्या टोकाला सुया असतात, हलक्या हाताने फिरवा, तळाला आवळल्या तर बसायची जागाच खराब होते. काही कार्बोरेटरवर टोप्या असतात त्या फार फिरू देत नाहीत. ज्या मशीनला कंप्युटरवाला कार्बोरेटर आहे त्याला स्क्रूच नसतात, ते आपलं आपण जुळवून घेतं.

सुरू करायच्या आधीच एच पाव फेरा बाहेर काढा. रिच मशीन धूर काढेल, ताकद कमी देईल, पण मरणार नाही. एअर फिल्टर स्वच्छ, पेट्रोल ताजं, ५०ला १ असेल तर लिटरला २० मिली ऑइल, बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि धारदार चेन लावलेली, चेनब्रेक सोडलेला (ब्रेक लावून फुल रेस दिली तर क्लच जळतो), बारसमोर कोणी नाही. दोनतीन कट मारून मशीन नीट गरम करा, थंड मशीनवर केलेली सेटिंग खोटी निघते.

पहिला एल, कारण तो फुल रेसलाही थोडं पेट्रोल देत असतो. हळूहळू आत घ्या, स्लो वाढत जाईल, मग एका जागी पडायला लागेल. सगळ्यात वरची जागा सापडली की तिथून साधारण पाव फेरा बाहेर. ट्रिगर दाबल्यावर अडखळत असेल तर अजून किंचित बाहेर. मग एलएने स्लो एवढा खाली आणा की चेन थांबलेली असेल, साधारण २,७०० ते २,८०० आरपीएम. रेस सोडल्यावर मशीन लगेच खाली येत नसेल, वरच अडकून राहत असेल, तर कुठूनतरी हवा लीक होतेय, सील किंवा इनटेकचा रबर बघा. तिथे ट्यूनिंग सोडून द्या, आधी लीक.

(दृश्य: फुल रेस, फक्त आवाज)

आता एच. कानाला मफ लावा, चेनसॉचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, आणि मफमधूनही हा फरक ऐकू येतो. फुल रेस द्या, फक्त तीनचार सेकंद. हा आवाज ऐका... फडफडतोय, घोगरा आहे, जणू मध्ये मध्ये एक फायर चुकतोय. याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात, मिक्श्चर रिच असल्याची खूण. आता एच थोडा आत... फडफड गेली, सुरेल किंचाळी आली. कानाला छान वाटतं ना? इथेच माझा पिस्टन गेला. परत बाहेर काढा, फडफड येईपर्यंत.

(दृश्य: ओंडक्यात कट)

लाकडात टाका. लोड आल्या आल्या फडफड जाऊन आवाज साफ व्हायला हवा, आणि कटमधून जरा उचलल्यावर फडफड परत यायला हवी. हे जमलं तर सेटिंग बसली. कटमध्येही फडफडत राहिलं तर एच जरासा आत, अगदी घड्याळाच्या पाच मिनिटांएवढा. आरपीएम मोजणारा टॅकोमीटर असेल तर कंपनीने दिलेल्या कमाल आरपीएमच्या थोडं खालीच राहा, आणि लक्षात ठेवा, काही मशीनच्या इग्निशन कॉइलमध्ये आरपीएम एका हद्दीवर रोखणारा लिमिटर असतो, तो लागला की आवाज हुबेहूब असाच फडफडतो. तुम्हाला वाटतं रिच आहे आणि मशीन असतं लीन. अशा मशीनला एच आधी भरपूर रिच करून लिमिटरच्या खालून वर यायचं, आणि खरी परीक्षा कटमध्येच.

हवेत आरपीएम किती गेले याचं कौतुक मला उरलेलं नाही. थ्री-एट्थ पिचची चेन, चेन फिरवणारा सात दातांचा स्प्रॉकेट आणि कटमध्ये १०,००० आरपीएम टिकले तर चेन सेकंदाला २२ मीटर धावते, लाकूड त्या वेगाने कापलं जातं, हवेतल्या किंचाळीने नाही.

(दृश्य: प्लग काढताना)

एक टाकी कापून झाली. स्पार्क प्लग बघा, दुधाच्या कॉफीसारखा तपकिरी. पांढरा असता तर लगेच थांबलो असतो, काळा ओला असता तर एच थोडा आत घेतला असता. सायलेन्सरचे बोल्ट गार झाल्यावर परत एकदा आवळतोय, पहिल्या टाकीनंतर ते सैल होतात. थंडी पडली की हवा दाट होते आणि हीच सेटिंग लीन होते, तेव्हा हा स्क्रू ड्रायव्हर मी मशीनच्या पेटीतच ठेवतो.